आईचं कार्डावरचं नाव

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात अर्जाशिवाय कुणी काही लिहिलेलं नाही, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एवढ्यावर कुणी लेखक होत नाही. शिवाय जे सांगणार आहे ते इतकं किरकोळ आहे की वाचणाऱ्याला वाटेल, यात लिहिण्यासारखं काय? मलाही तसंच वाटतं. पण त्या दिवसांत मी जेवढा दमलो तेवढा परीक्षेतही कधी दमलो नव्हतो, आणि कशाने दमलो ते मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. म्हणून एकदा लिहून बघतो.

आम्ही वाकोल्याला राहतो. बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. आई मरोळला औषधांच्या पॅकिंगला जाते. धाकटी बहीण सातवीत आहे आणि तिचं गणित चांगलं आहे. चांगलं म्हणजे, मी दहावीला रडत रडत शिकलेली समीकरणं ती माझ्या खांद्यावरून बघून सोडवते आणि वर म्हणते, "दादा, एवढं काय त्यात?"

तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी तिचं नाव एका ऑनलाइन वर्गासाठी दिलं होतं. दर शनिवारी दुपारी तास, शिकवणारे मोठ्या संस्थांतले, फी काही नाही. चाचणी झाली आणि ती निवडली गेली. शाळेतून ती एकटीच. वर्ग फक्त सातवीच्या मुलांसाठी, त्यामुळे यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नव्हती. बाईंनी मला फोन केला. "शुक्रवारपर्यंत तिचं खातं उघडून टाक, नाहीतर जागा दुसऱ्याला देतात. आईबाबांना ते जमायचं नाही. तू शिकलेला आहेस, तू बघ."

तू बघ. हे दोन शब्द मी बारावी झाल्यापासून ऐकतोय. विजेचं बिल जास्त आलं, तू बघ. रेशनकार्डावर बाबांचं वय चुकलं, तू बघ. मला त्यातलं काही येतं म्हणून नाही, घरात दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही म्हणून.

सोमवारी कॉलेजातून आलो आणि बसलो. लहान मुलांचं खातं थेट उघडत नाही. आधी पालकाचं खातं, मग त्याच्या आत मुलाचं. पालकाचं नाव शाळेच्या नोंदीप्रमाणे लिहायचं होतं. मी आईचं लिहिलं, कारण शाळेत सगळीकडे तीच जाते. मग पालक म्हणून माहिती भरणारं माणूस खरंच मोठं आहे, हे पटवायला त्यांना पालकाचं बँकेचं कार्ड हवं होतं. दोन रुपये कापणार आणि परत देणार.

"स्कॅन करून दे ना," बहीण म्हणाली. आमच्याकडे कोथिंबिरीपासून रिक्षापर्यंत सगळं स्कॅनवर चालतं. पण तिथे स्कॅन नव्हतं. कार्डच.

कार्डधारक आई किंवा वडील, कुणीही चालणार होतं. म्हणून मी आधी बाबांचं मागितलं. त्यांनी पाकिटातून काढून दिलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, नवंकोरं. पुढचा नंबर टाकला, मुदत टाकली, आणि मागचे तीन आकडे बघायला कार्ड उलटं केलं. तिथे काहीच नव्हतं. खरवडलेला पांढरा पट्टा.

"बाबा, हे काय?"

"खरवडले. कंपनीत एक साहेब आलेला बँकेचा. बोलला, मागचे तीन आकडे कोणाला दाखवायचे नाहीत. मी लगेच पॉलिश पेपर मारला."

"पण पाठ तरी करायचे ना!"

"कशाला? पैसे काढताना मशीन ते मागते काय? कधीच नाय मागत." मग म्हणाले, "मला पण माहीत नाही, म्हणजे माझ्याकडून पण कोण काढून घेऊ शकत नाही."

बहीण हसून लोळायला लागली. मला हसू आलं नाही. नवीन कार्ड पोस्टाने यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, असं बँकेने सांगितलं. शुक्रवारपर्यंत शक्यच नव्हतं.

मग आईचं कार्ड. ते डब्यात, बांगड्यांखाली होतं. ते फक्त पैसे काढायला वापरलेलं, ऑनलाइन वापर बंद. तो चालू करायला मंगळवारी आईबरोबर एटीएमला गेलो. ती कामावरून थेट आली होती, हाताला औषधाच्या गोळ्यांचा वास. मशीनवर बरीच बटणं दाबल्यावर ते चालू झालं. घरी येऊन पुन्हा भरलं, तर आता ओटीपी. आईच्या खात्याला नंबर बाबांचा दिलेला आहे. आमच्याकडे सगळ्या बायकांच्या खात्यांना नवऱ्याचा नंबर असतो, त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही. आणि बाबा त्या वेळी घाटकोपरला एका इमारतीत, लिफ्टच्या खड्ड्यात. तिथे रेंज नसते.

मी फोन लावत राहिलो, ओटीपीची मुदत संपत राहिली. शेवटी बुधवारी सकाळी बाबा आंघोळीला जाण्याआधी त्यांना समोर बसवलं. ते चष्मा लावून एकेक आकडा मोठ्याने वाचत होते, जसं काही सभेत ठराव मांडतायत. दोन रुपये गेले. बहिणीने टाळी वाजवली.

आणि मग लाल अक्षरांत आलं, की कार्डधारकाचं नाव शाळेच्या नोंदीतल्या आईवडिलांच्या नावांशी जुळत नाही.

मला क्षणभर काही कळलं नाही. कार्ड आईचं, नाव आईचं. मग मी कार्डावर बघितलं. तिथे एका मुलीचं नाव होतं, जिला मी ओळखत नव्हतो. म्हणजे नाव ऐकून माहीत होतं. मामा अजून तिला त्याच नावाने हाक मारतात. पण छापलेलं कधी बघितलं नव्हतं.

आईचं हे खातं लग्नाआधीचं आहे. तेव्हा ती एका कारखान्यात कामाला होती, तिथेच पगाराचं खातं उघडलेलं. लग्नात तिचं नाव बदललं. आडनाव तर बदललंच, पहिलं नावही बदललं. आधार, रेशनकार्ड, आमचे शाळेचे दाखले, सगळीकडे सासरचं नाव. पॅन आणि बँक मात्र माहेरचं. बँकेतला माणूस दर वेळी म्हणतो, बदलून घ्या. आई दर वेळी म्हणते, घेऊ.

खात्यातलं पालकाचं नाव बदलायला गेलो तर ते आता बंद झालेलं. नवीन खातं उघडायला बाईंनी पाठवलेला शाळेचा कोड लागतो, आणि तो एकदाच चालतो.

त्या संध्याकाळी बाजूच्या गावठाणातली आंटी आली. आमची पार्सलं तिच्याकडे येतात, कारण ती दिवसभर घरी असते. ती जुन्या ख्रिश्चन घरातली, मराठी आमच्याहून जोरात बोलते. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अरे बाबा, डोकं कशाला खातो? माझं कार्ड घे. माझ्या पोराने बाहेरगावी जायच्या आधी सगळं चालू करून दिलंय. शाळेचं काय, बाईला सांग, पालक म्हणून माझं नाव लाव आणि नवीन कोड दे."

"मग मी तुमची मुलगी होणार?" बहिणीने विचारलं.

"हो ना! नाताळला येऊन भांडी घास, झाली मुलगी."

मला ते पटलं होतं. खरं सांगतो, मला तेव्हा काहीही पटलं असतं. बाईंना फोन करायला मी मोबाइल हातातही घेतला. आई चहा गाळत होती, तिने मागे न बघताच म्हटलं, "ठेव तो."

आंटी गेल्यावर आई बोलली. "ती चांगलीच आहे रे, तिचं काही नाही. पण उद्या कुणी विचारलं हिची आई कोण, तर कॉम्प्युटर काय सांगणार? मी काय मेले?"

"आई, फक्त एका वर्गासाठी आहे."

"तू लिही त्यांना. समजावून सांग. कॉलेजात जातोस ना?"

मग मी लिहायला बसलो. इंग्रजीत, कारण तिथे मराठी कुणी वाचणार नव्हतं. लग्नाची नोंदणी केलेली नाही, लग्न गावाला मांडवात झालं होतं. पुरावा म्हणून आधार आणि पॅन, दोन्हींवर जन्मतारीख एकच, एवढंच हातात होतं. पण फोटोत वीस वर्षांचं अंतर. ती एकच बाई आहे हे माझ्याशिवाय कुणाला ओळखता आलं असतं, मला माहीत नाही. म्हणून मला लग्नात नाव बदलायची रीतच समजावून सांगावी लागणार होती, आणि त्यासाठी ती आधी आईला विचारावी लागली.

"तांदळात नाव लिहितात ना, ते नक्की कसं?"

"कसं म्हणजे? ताटात तांदूळ पसरतात. नवऱ्याने अंगठीने लिहायचं. मी मान खाली घालून बसलेले, मला दिसलंच नाही. तुझ्या आत्याला विचारलं, काय लिहिलंय गं?"

"म्हणजे तुला आधी माहीत नव्हतं?"

"कोण सांगणार?"

बाबा आतून म्हणाले, "चांगलं नाव होतं. ताईने तीन नावं सांगितलेली, त्यातलं सगळ्यात छोटं मी घेतलं. ताट लहान होतं."

"बघ," आई म्हणाली, "ताट मोठं असतं तर मी कुणीतरी वेगळीच असते." आणि मग मला म्हणाली, "हे नको लिहूस त्यांना."

मी ते लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं. वाक्यं पुन्हा पुन्हा खोडली. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतं, हे वाक्य इंग्रजीत लिहिल्यावर मला ते विचित्र दिसायला लागलं, आणि मला कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं वाटलं, पण कुणाची ते कळेना. बहीण बाजूला बसून म्हणत होती, "प्लीज दोनदा लिही दादा. नाही, तीनदा." आईने एकच मजकूर सांगितला, "लिही, बाई एकच आहे. दोन नावं असली तरी कामावर एकटीच जाते."

पाठवलं. आपोआप येणारं उत्तर आलं की तुमचा मजकूर मिळाला, आम्ही तपासत आहोत.

गुरुवार गेला. शुक्रवारी मी व्याख्यानात बसून मांडीवर फोन ठेवून बघत होतो. काही आलं नाही. संध्याकाळी बाईंचा फोन, "झालं का रे?" मी म्हटलं, अजून नाही. शनिवारी दुपारी बहिणीने केस विंचरले, ड्रेस बदलला आणि आईच्या फोनसमोर बसून राहिली. फोनवर तेच लाल वाक्य होतं. नंतर ती उठून खाली खेळायला गेली.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. पालकाची ओळख पटली, खातं चालू झालं आहे. मी ते घाईघाईने उघडलं, तर वर्गाच्या पानावर लिहिलं होतं की या तुकडीतल्या जागा भरल्या आहेत. तिचं नाव प्रतीक्षा यादीत टाकलं आहे.

मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "दोन रुपये आले बघ परत," आणि नंतर त्यांनाच वाटलं असावं की हे आत्ता बोलायला नको होतं. बहीण म्हणाली, "जाऊ दे ना दादा. वाट लागली तर लागली." हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. मला सारखं वाटत होतं की माझ्या जागी दुसरा कुणी, ज्याच्या घरात हे सगळं आधीपासून माहीत आहे, त्याने हे दहा मिनिटांत केलं असतं. त्याच्या वडिलांनी कार्ड खरवडलं नसतं. त्याच्या आईचं नाव एकच असतं. मग लगेच असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला, आणि मग रागवायलाही त्राण राहिलं नाही. माझी परीक्षा जवळ होती. घरात त्या वर्गाचा विषय कुणी काढेनासं झालं. बाईंनीही विचारणं सोडलं.

बातमी घरात सगळ्यात शेवटी मला कळली. शनिवार होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, फोन बॅगेत. बाहेर आलो तर आईच्या नंबरवरून कितीतरी कॉल आलेले. मी घाबरून लावला. बहिणीने उचलला.

"दादा, घेतलं! एक मुलगा सोडून गेला. सकाळी मेल आलेला, आईने मला दाखवला, मी वाचला. आत्ताच तास संपला."

"तास झाला पण?"

"झाला ना. कॅमेऱ्यात आईचा पाय पण दिसला. दादा, ते लोक खूप पुढे गेलेत. मला काही म्हणजे काहीच कळलं नाही," ती म्हणाली. धापा टाकत होती, आणि तिला कधी एकदा पुढचा शनिवार येतो असं झालं होतं.