परसों बुजवलेला खड्डा

मला विलायतेला जायचं होतं, आणि त्यापायी मी लोकांचे संडास खणायला गेलो. एका वाक्यात सांगायचं तर एवढंच. पण एका वाक्यात मी आजवर काहीच सांगितलेलं नाही, तेव्हा बसा.

हैदराबादेत पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या घरात चार पिढ्या सरकारी दफ्तरात गेलेल्या. वडील उर्दू असं लिहायचे की मौलवी त्यांच्याकडून अर्ज तपासून घ्यायला यायचे. नवं सरकार आलं आणि दफ्तराची भाषा बघता बघता बदलली. केस पांढरे झालेले वडील रोज सकाळी पाटीवर एबीसीडी गिरवायला बसू लागले. मी उर्दूतून इंटर झालेला, म्हणजे नव्या राज्यात अंगठाबहाद्दरच. नोकरीच्या दहा अर्जांना दहा नकार आले. अकरावा मी केलाच नाही, कारण तेवढ्यात ती टोळी आली.

टोळी परदेशी स्वयंसेवकांची. चार देशांतले आठ जण. सिकंदराबादेला गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर अकरा पेट्या, एक गळ्यात अडकवायचा बाजा आणि माणसापेक्षा उंच असं लोखंडी गिरमिट होतं. या गिरमिटाने जमिनीत खोल भोक पाडायचं, वर सिमेंटची फरशी बसवायची, की झाला संडास. याला समाजविकास म्हणायचं. त्यांना दुभाष्या हवा होता. माझं इंग्रजी आबिड्सच्या दुकानांच्या पाट्या वाचून वाढलेलं, पण बेधडक होतं.

टोळीचा म्होरक्या दारातून वाकूनच आत यायचा इतका उंच, आणि जगाला नुकतीच माफी दिल्यासारखा हसरा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात टोळी त्याच्या देशात काम करणार आहे आणि इथला एक स्वयंसेवक सोबत नेणार आहे, बोटीच्या तिकिटासकट. "जो सर्वांत विश्वासू ठरेल तो," असं म्हणाला. इथला स्वयंसेवक मी एकटाच होतो. म्हणजे हरायचंच ठरवलं तर मला स्वतःशीच हरावं लागणार होतं.

घरी आई दोन दिवस जेवली नाही. "अरे, तुझे आजोबा पाणी पिताना पेला ओठांना लावत नसत," म्हणाली, "आणि तू लोकांचं ते... ते उपसायला चाललास?"

"उपसायला नाही, आई. नवीन बांधायला."

"बांधलं की भरणारच ना?"

वडील पाटीवरून मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे. त्या वाटेने का होईना, विलायत गाठेल." तेव्हापासून आई मला मागच्या दाराशी थांबवायची, दुरून तांब्याने पाणी ओतायची आणि माझे कपडे चिमट्याने उचलायची. चिमटा नंतर मागच्या कोनाड्यातच राहिला. घरात परत घेतलाच नाही तिने.

खरं सांगायचं तर किळस मलाही यायची, आणि जास्त त्या टोळीचीच. सकाळी काम सुरू करण्याआधी सगळे हात धरून गोल उभे राहायचे आणि गाणं म्हणायचे. त्या गोलात मलाही उभं करायचे. माझा एक हात म्होरक्याच्या घामट पंज्यात, दुसरा एका बाईच्या, जिने नुकतंच नाक शिंकरलेलं असायचं. मग म्होरक्या चित्रं काढायचा. पोटातल्या जंतांची, हातभर लांबीची, डोळे आणि भुवया असलेली. ही चित्रं तो जेवताना पसरायचा, उकडलेल्या बटाट्यांच्या ताटाशेजारी, आणि एका हाताने बटाटा खात दुसऱ्या हाताने जंताचा प्रवास दाखवायचा. मैल्याबद्दल तो असा बोलायचा जसे आमच्याकडचे लोक आंब्याबद्दल बोलतात. रंग, वास, घट्टपणा. एकदा त्याने मला विचारलं, "तुम्ही लोक याविषयी बोलायला का लाजता?" मी म्हटलं, आम्ही लाजत नाही, आम्ही जेवतोय. तो खूप हसला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. तो सगळंच वहीत लिहून घ्यायचा.

काम मलकपेठच्या पलीकडे एका वस्तीत ठरलं. तिथे पूर्वी एका जहागीरदाराचा तबेला होता. जहागिरी गेल्या, घोडे गेले, घोडे राखणाऱ्या मोतद्दारांच्या झोपड्या तेवढ्या राहिल्या. वस्तीची कारभारीण म्हणजे एका मोतद्दाराची विधवा. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, मीही म्हणायचो. गुडघे धरलेली, काठी टेकत चालणारी, पण बोलणं नबाबाच्या बेगमेसारखं. तिची सून सात महिन्यांची पोटुशी. दोघी रोज पहाटे रुळांपलीकडच्या माळावर जायच्या. खाला जायला अर्धा तास घ्यायची, यायला अर्धा तास, आणि मध्ये सुनेचा हात धरून बसायची, कारण एकदा बसली की गुडघे उठू द्यायचे नाहीत.

"पैला मेरे घर कू बनाओ, बाबू," तिने मला सांगून ठेवलं होतं. "बहू के दिन भरने के आगे." मी हौ म्हटलं, म्हणजे हो. म्होरक्यानेही हौ म्हटलं. हा शब्द त्याला फार आवडायचा.

आता परसों या शब्दाविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या मराठी परवाला निदान थोडी लाज आहे. तो मागे गेला तरी महिना-दोन महिन्यांपलीकडे जात नाही. हैदराबादच्या परसोंला कसलाच धरबंध नाही. कालच्या आदल्या दिवसापासून आदम जन्मला त्या दिवसापर्यंत सगळा काळ हैदराबादेत परसों. आमच्या शेजारच्या वकिलांचे वडील वारून बारा वर्षं झाली होती, तरी वकील सांगायचे, "अब्बा परसोंच गुजर गए." हे मी आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. अस्सल हैदराबादी असण्याची माझी सगळी ऐट या एका शब्दावर उभी होती.

पहिलं भोक पाडायच्या दिवशी खालाने अंगण सारवून घेतलं होतं, चुन्याची रेघ मारली होती, आणि घरामागे जमिनीवर एक नवी चटई अंथरली होती. म्होरक्याने जागा बघितली. घराजवळ, आडोशाला, उताराची. त्याने विचारलं, "इथे आधी काही होतं का?"

मी खालाला विचारलं.

"खड्डा था," ती म्हणाली. "तबेले का, मर्दाँ का. परसों बुजा दिए ना."

मी म्होरक्याकडे वळून म्हणालो, "जुना खड्डा होता. दहा वर्षांपूर्वीच बुजवलाय. माती झाली असेल." दहा हा आकडा मी माझ्या पदरचा घातला. ऐकायला बरा वाटला.

मी तिला पुढे एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं की हैदराबादच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी परसों म्हणून परसोंच म्हणत होतं. मेहमान येणार, त्यांना घाण दिसू नये, वास येऊ नये, म्हणून त्या बाईने परवाच्या दिवशी तबेल्याचा तो जुना, वस्तीतल्या पुरुषांच्या अजून वापरातला खड्डा काड्या, पेंढा आणि टोपलीभर मातीने झाकून घेतला होता. वर चटई घातली होती. पाहुणचार म्हणून. बुजवला म्हणजे तिच्या लेखी झाकला.

म्होरक्याने पहिल्या भोकाचा मान स्वतःकडे घेतला. गिरमिट खांद्यावर घेऊन तो चटईवर चढला. गाणं चाललंच होतं. आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या पोत्यावर कुणीतरी बसावं तसा. आणि आमचा म्होरक्या उंचीने निम्मा झाला.

सांगताना मी त्याला नेहमी गळ्यापर्यंत बुडवतो. खरं म्हणजे तो कमरेपर्यंतच गेला. पण कमरेपर्यंत पुरे असतं. वास असा उठला की मलकपेठच्या रेसकोर्सवरचे घोडे तोंड फिरवून उलटे धावले असतील. टोळीतली नाक शिंकरणारी बाई तिथेच ओकली. तिला बघून दुसरा ओकला. आठ जणांतले सात खाली बसलेले आणि आठवा उभा, कारण त्याला बसता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मैल्याबद्दल आंब्यासारखं बोलणारा माणूस दुसऱ्या हाताने नाक दाबत होता. मी तो हात धरला. त्या हाताची ऊब आणि त्याचं बोटांमधून सटकणं मी इथे लिहीत नाही. पन्नास वर्षं झाली तरी मी त्या हाताने शिरा खात नाही.

वस्तीतल्या बायकांनी आडोसा धरून त्याच्यावर पाणी ओतलं. विहिरीला तळ दिसेपर्यंत ओतलं म्हणा. खालाने सुनेच्या बाळंतपणासाठी ठेवलेली नवी चादर काढून दिली. ती गुंडाळून म्होरक्या खाटेवर बसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे न हसता बघितलं.

"तू दहा वर्षं म्हणालास."

मी खालाकडे वळलो. "खाला, आपने साफ कायकू नईं बोले?"

"बोली ना. परसों बोली."

"कौनसा परसों?"

"परसों बोले तो परसोंच. जुमे के एक दिन आगे. कितने परसों रैते, बाबू?"

म्होरक्याने तेवढा एक शब्द पकडला. पेटीतून खिशातला शब्दकोश मागवला, ओल्या बोटाने पानं उलटली आणि बोट ठेवलं. कोशात परवाचा दिवस असाच अर्थ दिला होता. त्याने कोश माझ्यापुढे धरला. मला बोट दिसत होतं आणि बोटाच्या पलीकडे बोट दिसत होती, समुद्रातली, धूर सोडत निघालेली, माझ्याशिवाय.

एका वाक्याचं काम होतं. ती बरोबर बोलली, चूक माझी. एवढं इंग्रजी मला येत होतं.

मी म्हणालो, "ती म्हणते फार जुनी गोष्ट आहे. इथे या शब्दाचा अर्थ तसाच होतो." आणि पुरावा द्यायला निघालो, कारण पुरावा माझ्याकडे भरपूर होता. समोर एक शिंपी उभा होता. त्याला विचारलं, लग्न कधी झालं? "परसों हुआ जी," शिंपी म्हणाला. त्याच्या शेजारी त्याचा दाढी आलेला मुलगा उभा होता. एका म्हाताऱ्याला विचारलं, मुसी नदीला तो मोठा पूर कधी आला होता? म्हातारा म्हणाला, "वो तो परसों की बात है, मैं झाड पे चढके बच गया." त्या पुराला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. मी एकेक उत्तर इंग्रजीत उतरवून देत गेलो. सगळी खरी. इतकी खरी उत्तरं मी आयुष्यात कधी दिली नाहीत, आणि त्या सगळ्यांची मिळून मी एक लबाडी बांधली.

म्होरक्याने वही उघडली. या लोकांना काळाचं भान नाही, असं काहीतरी त्याने लिहिलं. ते लिहिताना त्याचं हसू परत आलं. मग म्हणाला, "तिला सांग, मला राग नाही. पण जिथे आम्हाला खरं सांगितलं जात नाही तिथे आम्हाला काम करता येणार नाही. आम्ही दुसरी वस्ती बघू." माझ्या पाठीवर थोपटून वर म्हणाला, "तू नसतास तर मला हे कधीच कळलं नसतं."

मला ते खालाला सांगायचं होतं. मी सांगितलं, "खाला, ये लोगाँ बोल रैं, यहाँ की जमीन बहुत सख्त है. खोद नईं सकते."

खालाने खड्ड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"इत्ती सख्त है," ती म्हणाली, "तो साब कमर तक कैसे उतरे?"

तिचं हे बोलणं मी भाषांतरात घेतलं नाही. म्होरक्याने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, आभार मानते. खाला सुनेकडे वळली. "चादर साब कू च दे दो. वापस नक्को." सून भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात पोटाखाली धरून.

टोळीने दुसऱ्या वस्तीत अकरा संडास बांधले. उन्हाळ्यात मी बोटीत बसलो. निघताना आईने पेढा हातावर ठेवला, हाताला हात न लावता.

म्होरक्याच्या देशात आम्ही एका गावातल्या मुलांसाठी खेळायचं मैदान सपाट केलं. तिथे घाण अशी काहीच नव्हती, मला तर मातीसुद्धा धुतल्यासारखी वाटली. एका रविवारी गावातल्या एका बाईने टोळीला दुपारी जेवायला बोलावलं. म्होरक्या म्हणाला, आमच्या मित्राकडून ती खड्ड्याची गोष्ट ऐका, याच्यासारखी कुणी सांगत नाही. मी उभा राहिलो. खालाची नक्कल केली. काठी म्हणून टेबलावरचा सुरा टेकला, गुडघे वाकवले, दात विचकले, डोळे मिचकावले. तिला लबाड केलं, जितकी करता येईल तितकी. ती चटई अंथरताना खुदुखुदु हसते, असंही घातलं. म्होरक्याला गळ्यापर्यंत बुडवलं ते पहिल्यांदा तिथेच. तो स्वतः सगळ्यांत जास्त हसला. डोळे पुसत म्हणाला, अगदी अशीच होती ती.

टाळ्या पडल्या. यजमानीण खूश झाली आणि तिने माझ्या ताटात त्यांच्याकडचा एक गोड पदार्थ वाढला. तपकिरी, लिबलिबीत, वर वाफ निघत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चमचा उचलला आणि खाल्लं. संपल्यावर तिने विचारलं, आणखी? मी ताट पुढे केलं.