प्लॅटिनमच्या तारेचे राखणदार

सोनारमामा सोनार नव्हते. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पण कुठलीही वस्तू हातात आली की आधी काट्यावर ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता, म्हणून पोरांनी हे नाव पाडलं; मी त्यांना मामाजी म्हणे. मिलीग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा नवा काटा आला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी त्यावर स्वतःच्या मिशीचा एक केस जोखला आणि म्हणाले, "आमचं धान जोखणाऱ्या राजेगावच्या वाण्याजवळ असा काटा असता, तर आम्ही आज बंगल्यात राह्यलो असतो."

मी तिथे पीएच.डी. करत होते. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणारा इंधन-घट असतो. त्यातला ऑक्सिजन फार आळशी. त्याला कामाला लावायला प्लॅटिनम लागतं, आणि ते परवडत नाही. आमच्या सरांचं म्हणणं असं, की धानाचा भुसा, युरिया आणि लोखंडाचा क्षार एकत्र भाजला तर ती काळी भुकटी तेच काम करील. मामाजींना हे पटत नसे. "आमच्या चुलीत जन्मभर भुसाच जळला, बाई. लाईटचं बिल काही कमी नाही आलं."

गंमत अशी, की प्लॅटिनम नको म्हणणाऱ्या आमच्या प्रयोगातही प्लॅटिनमची एक तार होती. आम्लाच्या भांड्यात एका बाजूला भुकटी लावलेली कांडी, आणि वीज फिरती राहावी म्हणून समोर ही तार. कपाटाची चावी मामाजींच्या बनियनच्या आतल्या खिशात असे. रोज संध्याकाळी तार धुऊन, सुकवून, जोखून ते वजन पेन्सिलीने वहीत लिहीत. "मामाजी, माझ्यावर भरवसा नाही का?" असं मी एकदा रुसून विचारलं. "हाय ना, बाई. नसता तर तार दिलीच नसती," ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले.

आमचे आकडे चांगले आले, मग फारच चांगले आले. लोकांची भुकटी वापरून झिजते, आमची वापरून सुधारत होती. यात काहीतरी गडबड आहे अशी शंका सरांना यायला हवी होती, मलाही. आम्हाला आनंद झाला. सरांनी जिलेबी वाटली. शोधनिबंध स्वीकारला गेला आणि आई माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लावून पाहू लागली.

एका दुपारी मामाजींनी दार लोटून घेतलं आणि वही पुढे केली. "तार हलकी झाली, बाई. चार मिलीग्रॅम. तार तुह्याच हातात असते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुनं घेतली असंन तर सांग. मी कोणाले सांगत नाही. फक्त परत ठेव."

चार मिलीग्रॅममध्ये मुंगीच्या नाकातली चमकीसुद्धा होत नाही. तरी मी चोर! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना खोटं पाडायचं म्हणून वही मागून घेतली आणि माझ्या नोंदींशेजारी ठेवली. ज्या दिवशी तार जास्त हलकी झाली होती, त्याच दिवशी माझी भुकटी जास्त सुधारली होती. एकही दिवस चुकला नव्हता. तार आम्लात विरघळत होती आणि भुकटीवर जाऊन बसत होती. प्लॅटिनमला पर्याय म्हणून आम्ही जे मिरवत होतो, त्याचं काम प्लॅटिनमच करत होतं. पुस्तकात याचा इशारा होता. तो मी खाली रेघ मारून वाचला होता आणि विसरले होते.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहणारी मी एकटीच होते. पदवी हाताशी आली होती. अर्धा तास मी गप्प कसं राहायचं याचाच विचार करत बसले. पण चोरीचा डाग तेवढा पुसायचा होता, म्हणून मामाजींना खरं काय ते सांगितलं. हे आपल्यातच राहू द्या, असं पुढे म्हणणार होते.

"म्हणजे तुनं नाही घेतली?"

"नाही."

"भुशानं घेतली?"

मी मान डोलावली आणि ते चपला न घालताच बाहेर पडले. ऑफिसातले बाबू, माळी, फाटकाजवळचा चहावाला, सगळ्यांना सांगत सुटले, "हमारी लड़की चोर नहीं है, भूसा चोर है." थोड्याच वेळात सर चहाचा कप हातात घेऊनच लॅबमध्ये आले. माझी पदवी बुडाल्याचा मामाजींइतका आनंद दुसऱ्या कोणालाही झाला नसेल.

निबंध मागे घेतला. तारेच्या जागी ग्राफाइटची कांडी आली आणि आकडे निम्म्याच्याही खाली गेले. पुढे दोन वर्षं मी भुसा भाजत होते. मामाजी तोवर निवृत्त झाले, तरी रामपायलीच्या मिलमधून भुशाचं पोतं आणून देत, आणि आणताना त्यातले खडे निवडलेले असत. शेवटी आकडे बरे म्हणावेत असे आले. पण ते खरे होते.

बांधून आलेला प्रबंध घेऊन मी राजेगावला त्यांच्या घरी गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ओट्यावर बसून त्यांनी बरीच पानं उलटली.

"भुशाची चोरी लिवली का यात?"

"हौ, मामाजी. पूर्ण एक प्रकरण आहे. तुमचं नावही आहे."

त्यांचा चेहरा खुलला. मग प्रबंध मिटून त्यांनी विचारलं, "आन मी तुले चोर म्हटलं, ते?"

"ते कशाला लिहायचं?"

"काहून? तेही खरंच हाय ना. माही चूक होती. लिवाले पाह्यजे होतं."

मी हसून विषय बदलला. मामाजी गेल्या उन्हाळ्यात गेले. प्रबंधात राहिलं ते आता इथे लिहिते. मामाजींनी मला एकदा चोर म्हटलं, ती त्यांची चूक होती. आणि त्या दिवशी अर्धा तास मी गप्प राहायचं ठरवत बसले होते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. ही माझी.