औषधखिडकीचे ओव्हाळ साहेब

निवृत्त सुभेदार मधुकर ओव्हाळ साहेबांशी माझी ओळख झाली ती मी भांडत असताना. जागा, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना, औषधाची खिडकी. माझे यजमान निवृत्त हवालदार, त्यांच्या हृदयात स्टेंट बसलेला. रक्त पातळ ठेवणारी त्यांची गोळी नेहमी गुलाबी असे, त्या दिवशी पांढरी मिळाली. "आम्हाला हलकं औषध देता का?" म्हणून माझा आवाज चढला होता. शेजारच्या बाकड्यावरून एक उंच गृहस्थ उठले. "वहिनी, दोन्ही पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचा. इथं कंपनीचं नाव मिळत नाही, औषध मिळतं. डाळ तीच आहे, डबा बदललाय." मी वाचले. डाळ तीच होती. पण भांडण अर्धवट सोडायची मला सवय नाही. "मग हे आधी सांगायचं ना!" एवढे म्हणूनच मी खाली बसले. साहेबांनी हसून चहा मागवला.

साहेबांची सगळी नोकरी लष्करी रुग्णालयांतल्या औषधांच्या कोठारात गेली. निवृत्तीनंतर ते पिंपळे सौदागरला मुलाकडे आले, तेव्हा आता नातवंडे खेळवतील असे घरच्यांना वाटले होते. साहेबांनी दवाखान्यातले बाकडे धरले. त्यांना तिथे कुणी नेमलेले नाही. तरी कोणते औषध किती दिवसांचे मिळते, तज्ज्ञांनी लिहिलेले औषध यादीत नसेल तर काय करायचे, हे विचारायला माणसे खिडकीआधी त्यांच्याकडे जातात. नियम वाकवून मागणाऱ्याला ते उभे करत नाहीत. "नियम शेवटपर्यंत वाचा, आपल्या सोयीची ओळ बहुतेक वेळा तळाशी असते," असे त्यांचे सांगणे. रांग मोडणाऱ्यावर मात्र असे खेकसतात, की मोठ्या हुद्द्याचे साहेबसुद्धा गुपचूप मागे जाऊन उभे राहतात. बोलताना त्यांनी थोडा आवाज कमी केला तर आमच्या कानांवर उपकार होतील, हेही या निमित्ताने नोंदवते.

आता ज्या सकाळसाठी हा लेख लिहिते आहे, ती सांगते. यजमान तेव्हा चाकणला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक होते. बरोबर त्यांच्याच पलटणीतले शिंदे भाऊजी. यजमान आणि मी औषध न्यायला दवाखान्यात आलो आणि रांगेतच यजमानांच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम सुटला. साहेबांनी त्यांना धरून बसवले. डॉक्टरांना हाक मारली आणि विचारले, "आजची गोळी घेतली?"

"न्हाई साहेब. आज शिंद्याचा नंबर हाय."

मला काही उमगेना. साहेबांना उमगले आणि त्यांचा चेहराच उतरला. शिंदे भाऊजींनाही स्टेंट, त्यांनाही तीच गोळी. त्यांना रजा मिळाली त्या दिवशी खिडकीवरचे औषध संपलेले, आणि पुन्हा रजा मिळेना. मग या दोघा शूरांनी पलटणीच्या रीतीने तोडगा काढला होता. एक दिवस याने घ्यायची, एक दिवस त्याने. बायकांना पत्ता नाही.

यजमानांना रुग्णवाहिकेत घातले. मी हमसून रडत होते. साहेब म्हणाले, "वहिनी, रडा, पण आधी शिंद्यांचा फोन द्या." ते मुलाची गाडी घेऊन कांद्याच्या ट्रकांच्या गर्दीतून तडक चाकणला गेले. भाऊजी गेट सोडायला तयार नव्हते.

"साहेब, ड्युटी टाकून कसं येऊ?"

"उद्या तुम्हीच नसलात तर गेटवर कोण उभं राहील? बसा गाडीत."

खिडकीवर औषध नसेल तर 'उपलब्ध नाही' अशी चिठ्ठी मागून घ्यायची, बाहेरच्या दुकानातून औषध घ्यायचे आणि खर्च योजनेकडे मागायचा. एवढा साधा नियम भाऊजींना कुणी सांगितला नव्हता. साहेबांनी चिठ्ठी मिळवून दिली, औषध घेऊन दिले आणि दुसऱ्या दिवशी त्यातली पहिली गोळी समोर बसून घ्यायला लावली.

यजमान वाचले. शुद्धीवर आल्यावर हात जोडून म्हणाले, "चुकलं साहेब. पण पलटणीत आमी वाटूनच खाल्लं." साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "भाकरी वाटा, पाणी वाटा. गोळी वाटलीत की दोघंही उपाशी." एवढे बोलताना त्यांचा तो दणदणीत आवाज फुटला.

तेव्हापासून मीही त्या बाकड्यावर बसते. साहेबांनी मला एकेक नियम शिकवला, चुकले की सर्वांदेखत ओरडले. चाकणला पाळीत काम करणाऱ्या माजी सैनिकांना संमतिपत्र लिहायला लावून त्यांचे औषध घरच्यांनी न्यावे, ही रीत त्यांनीच रुजवली. आणि प्रत्येक जवानाला ते आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, "तुमचा जोडीदार कसा आहे? त्याचं औषध कोण नेतं?"

साहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. यजमान आणि शिंदे भाऊजी काल आमच्या ओट्यावर बसून मला सांगत होते, "आमच्या आयुष्यातली थोडी थोडी वर्षं साहेबांना लाभू दे, असं लिही." मी तसे लिहिले, आणि लगेच खोडले. साहेब, तुम्ही ओरडाल. आमच्या वाट्यातले आम्ही तुम्हाला काहीच देत नाही. आमचे आयुष्य आम्ही पुरते घेऊ. तुमचे तुम्ही घ्या, निरोगी, भरघोस, एकही दिवस न चुकवता.