माझ्या भावाची ब्राउझर-तपासणी

माझा थोरला भाऊ वजनमापे तपासनीस होता, आणि निवृत्त झाल्यावर त्याने ती नोकरी घरच्यांवर चालू ठेवली. तीस वर्षं तो मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं घेऊन दुकानादुकानांतून हिंडला. तागडीखाली चिकटवलेलं चुंबक त्याला दारातूनच दिसायचं. दुकानदार त्याच्यामागे त्याला 'काटा' म्हणायचे, आणि हे कानावर आल्यावर त्याला तो बहुमान वाटला होता. मी त्याला दादा म्हणते. धाकट्या बहिणीला दुसरा इलाज नसतो.

निवृत्तीच्या वर्षी तो कुठल्याशा व्याख्यानाला गेला आणि 'स्पायवेअर' हा शब्द घेऊन घरी आला. मग महिनाभर जेवताना दुसरा विषय नाही. "आपल्याला न सांगता कुणीतरी आपलं सगळं बघत असतं. काय वाचतो, कुणाला लिहितो, सगळं! अगं, हे म्हणजे सरळ मापात पाप." वहिनी वाढत राहायची. तिने हा आवाज तीस वर्षं ऐकलेला. फक्त पूर्वी त्यात दुकानदार असायचे.

व्याख्यानात जे कळलं नव्हतं ते तो माझ्याकडून शिकला. मी वाचनालयाच्या संगणक-खोलीत काम करते. चौदा संगणक, आणि समोर दिसेल त्या बटणावर बोट ठेवणारे वाचक. संध्याकाळी एकेका ब्राउझरमधली घाण उपसणं हे माझं रोजचं काम. ब्राउझरला चिकटणारी छोटी जोडकामं असतात, एक्स्टेन्शन म्हणतात त्यांना. ती कशी उघडून बघायची, कुठलं जोडकाम कसली परवानगी मागतं, सूचना पाठवायचा हक्क कुठल्या साइटने लाटलाय, पहिलं पान कुणी परस्पर बदललंय, हे सगळं मी त्याला दाखवलं. प्रत्येक ब्राउझरमध्ये या गोष्टी वेगळ्या ठिकाणी दडवलेल्या असतात, म्हणून तीनदा दाखवलं. विषाणू पकडणाऱ्या प्रोग्रॅमने उगाच एखाद्या भल्या फाइलला चोर ठरवलं, तर तिला सूट कशी द्यायची, हेही दाखवलं. इतकं शिकवायला नको होतं, पण तेव्हा मला कौतुक वाटत होतं. म्हातारपणी माणूस काहीतरी शिकतोय म्हणे!

मग रविवारची तपासणी सुरू झाली. सकाळी नऊला घरातले दोन्ही लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसणार. त्याने एक रजिस्टर आखलं होतं. रकाने असे: अनुक्रमांक, ब्राउझर, एक्स्टेन्शन, परवानगी, आदेश, कारण. आदेश दोनच, 'ठेवा' किंवा 'काढा'. तपासणी संपली की लॅपटॉपच्या झाकणावर तारखेची चिठ्ठी चिकटायची: 'तपासले'. खाली सही. आणि एकाच्या सहीने तपासणी पुरी होत नाही हा त्याच्या खात्याचा नियम, म्हणून साक्षीदार मी. दर रविवारी मी चहा प्यायला जायची, कपाच्या बाजूला सरकवलेल्या रजिस्टरवर सही ठोकायची आणि वहिनीशी गप्पा मारत बसायची.

एका रविवारी त्याने वहिनीच्या ब्राउझरमधून विणकामाच्या नमुन्यांची साइट हाकलली.

"अहो, माझा अर्धा स्वेटर तिथे अडकलाय!"

"ती तुला दिवसातून चौदा सूचना पाठवते. चौदा! का पाठवते, विचारलंस कधी?"

"मी विणते म्हणून."

"तू विणतेस हे तिला कळलं कसं, हा प्रश्न आहे," दादा म्हणाला आणि 'काढा' लिहिलं. वहिनीने तो स्वेटर एका बाहीवर सोडून दिला.

त्यांची मुलगी, माझी भाची, बावीस वर्षांची झाली तरी घरात छकुलीच आहे. तिच्या लॅपटॉपवर दादाने तीन ब्राउझर बसवले होते: एक बँकेसाठी, एक पत्रव्यवहारासाठी, एक भटकायला. कल्पना चांगली होती, मीच सांगितली होती. भटकताना काही चिकटलं तर ते बँकेपर्यंत जात नाही. तिन्हींची तपासणी वेगवेगळी, तीन पानं, तीन सह्या. छकुली बिचारी शेजारी बसून नखं कुरतडत उत्तरं द्यायची. हे कधी घेतलंस? ते कशाला घेतलंस? काट्यासमोर उभ्या राहिलेल्या दुकानदारासारखी ती बसायची, फरक इतकाच की दुकानदारांनी निदान काहीतरी केलेलं असायचं.

छकुली नकाशे काढायला शिकलेली आहे. दोन महिन्यांपूर्वी तिला दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. घरी तिने सांगितलं नव्हतं. मुलाखत झाल्यावर सांगणार होती. नेमक्या त्या सकाळी दादाच्या छातीत कळ आली. ती त्याला घेऊन दवाखान्यात धावली, गाडी चुकली, मुलाखत गेली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, जेवण हलकं ठेवा. तेव्हापासून पोरगी घाबरून गेली होती. परवा शुक्रवारी संगणक-खोलीत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, त्यांनी परत बोलावलंय. मंगळवारी अकराला. या वेळी नाही गेले तर तिसऱ्यांदा कोण विचारणार? पण बाबांना सांगू नकोस हं. मी जाणार कळलं तर त्यांना परत काही व्हायचं."

मी कुणाला सांगितलं नाही. रविवारी गेले, चहा घेतला, आणि दादा चष्मा पुसत म्हणाला, "छकुलीला सांगून ठेव, मंगळवारी सकाळी मला डॉक्टरांकडे न्यायचंय. अकराची वेळ घेतलीय. सकाळपासून छाती भरून आल्यासारखी वाटते."

त्याने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मी, सही करण्याआधी, वाचलं.

पत्रव्यवहाराचा ब्राउझर. अनुक्रमांक सात. एक्स्टेन्शन: स्पीड हेल्पर. परवानगी: सर्व पानांवरील मजकूर वाचणे, टाइप केलेली अक्षरे नोंदवणे, दैनिक अहवाल पाठवणे. आदेश: ठेवा. कारण: मुलीची काळजी. बँकेच्या ब्राउझरच्या पानावर तेच. भटकायच्या ब्राउझरच्या पानावर तेच. खाली बारीक अक्षरात शेरा: विषाणू-प्रोग्रॅममध्ये यास सूट दिली आहे. तिन्ही पानं त्याने सुवाच्य अक्षरात लिहिली होती. खोटी नोंद करणं त्याच्या रक्तातच नाही. स्वतःची चोरीसुद्धा रकान्यात नीट भरतो.

वहिनी आणि छकुली स्वयंपाकघरात होत्या. मी विचारलं, "दादा, हे सात नंबरचं काय आहे?"

"ते? ते माझंच आहे गं." आवाजात लाज नाही, ओशाळलेपण नाही. "बाहेरच्याचं असतं तर पहिल्या दिवशी काढलं असतं."

"तू तिची पत्रं वाचतोस."

"वाचत नाही. नजर टाकतो."

"आणि ती छातीतली कळ?"

तो चष्म्याची काडी उघडत मिटत राहिला. "आली होती. थोडी."

"थोडी म्हणजे किती? तू तर मापाचा माणूस."

यावर तो चिडला. "तिथे एकटी जाऊन राहणार, काही बरंवाईट झालं म्हणजे? बापाने डोळे मिटून बसायचं? आणि तू कुठल्या तोंडाने विचारतेस? दर रविवारी सही केलीयेस! उघड, बघ."

मी उघडलं. एकतीस रविवार, दर रविवारी सात नंबर, आणि दर पानाखाली माझी सही, शेपूट काढलेली, ऐटदार. वाचनालयात लोकांना 'वाचल्याशिवाय हो म्हणू नका' असं दिवसातून वीस वेळा सांगणारी मी. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. गप्प बसले असते तर दोघंही वाचलो असतो, हेही खरं. तो विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि त्याचीच मला जास्त किळस आली.

मी छकुलीला हाक मारली आणि रजिस्टर तिच्या हातात दिलं. "सात नंबर वाच. तिन्ही पानांवरचं. आणि खाली माझी सही आहे तीही बघ. मी न वाचता केली."

ती हात पुसत वाचत राहिली. मग विचारलं, "बाबा, कधीपासून?"

"पहिल्या नोंदीला तारीख आहे," दादा म्हणाला. खरंच असं म्हणाला.

तिने पानं मागे उलटली. तारीख सापडली तशी ती खुर्चीत बसली. "म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. मी रिक्षात तुमची छाती चोळत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

वहिनी दारात येऊन उभी होती. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"काढा," छकुली म्हणाली.

दादाने काढलं. पत्रव्यवहाराच्या ब्राउझरने विचारलं, नक्की काढायचं? त्याने 'हो' दाबलं. बँकेच्याने विचारलं, भटकायच्याने विचारलं. तीनदा हो. मग मी लॅपटॉप ओढून घेतला, सूट दिलेल्यांच्या यादीतून ते नाव पुसलं, आणखी कुठे काही लपलंय का ते तपासलं, आणि कामाच्या सवयीने बोलून गेले, "आता सगळे पासवर्ड बदलायला हवेत. जुने सगळे बाहेर गेलेत."

छकुलीने लॅपटॉप स्वतःसमोर घेतला. दादा तिच्या मागेच उभा होता, खांद्यावरून बघत. ती जागा त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती की आपण उभे आहोत हे त्याला कळतही नसावं. तिची बोटं कीबोर्डवर थांबली.

"बाबा, तिकडे बघा."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बरीच खाती होती. पाऊण तास लागला. तिने लॅपटॉप मिटला, काखेत मारला आणि मंगळवारच्या गाडीची वेळ बघायला आपल्या खोलीत गेली. वहिनी तिच्यामागे गेली. झालं, आता वळ, असं दादाला कुणी म्हटलं नाही. मी तिथेच बसले होते. मीही म्हटलं नाही.