काळ्यावर राखाडी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, रंगाच्या दुकानात एकतीस वर्षं उभे आहेत. उभे म्हणजे खरोखरच उभे. काउंटरमागे रंग कालवायचं यंत्र आहे, डब्यांच्या थप्प्या आहेत, मालकांची गोल फिरणारी खुर्ची आहे. भाऊजींना मात्र साधं स्टूलही नाही. गुडघे कधीचे कुरकुरायला लागलेत. संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर टेकताना असं काही विव्हळतात की शेजारीण दार उघडून बघते.

दुकानात मात्र त्यांचा शब्द शेवटचा. कुणी निळ्या भिंतीवर मोतिया रंग मारायचा म्हणून आलं की चष्मा कपाळावर चढवून ऐकवतात, "गडद रंगावर फिकट बसत नाही. आधी खरवडा, अस्तर मारा, वाळू द्या, मग या." हे वाक्य ताईला, मला आणि त्यांच्या दोन्ही मुलींना तोंडपाठ आहे.

बावीस वर्षांपूर्वी मालक त्यांना म्हणाले होते, "काउंटरवर पिकलेलं डोकं दिसलं की गिऱ्हाइकाला डब्यातला रंगही शिळा वाटतो." दुसऱ्या दिवशी भाऊजी केस काळे करून हजर! तेव्हापासून दर तिसऱ्या रविवारी हा कार्यक्रम. बरं, साधा काळा नाही, बाजारात मिळणारा सगळ्यात काळा. सुरकुत्या साठीच्या, केस विशीचे आणि कानाच्या पाळ्यांवर ओघळ. दुकानातले लोक पाठीमागे त्यांना 'डांबर' म्हणतात. माझं पार्लर त्यांच्या घरापासून चार दारं सोडून. "भाऊजी, एकदा माझ्याकडे बसा," असं मी शंभरदा म्हटलं असेल. "बायकांच्या पार्लरात मी?" म्हणून नाक मुरडायचे, आणि वर मलाच सांगायचे की रंगातलं मला शिकवू नकोस.

मग समोरच्या फुटपाथवर दुसरं रंगाचं दुकान उघडलं. त्यांनी दारावर एका रुपेरी केसांच्या म्हाताऱ्याचा हा एवढा फोटो लावला, खाली 'अनुभवी माणसाला विचारा'. गिऱ्हाइकं खरंच तिकडे विचारायला जायला लागली. आमच्या मालकांना एकदम अनुभवाचा पुळका आला. आपणही 'ज्येष्ठ रंगसल्लागार' नेमायचा, येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी फोटोग्राफर येईल, आणि ज्याचा फोटो बोर्डावर त्याला दाराशी टेबल-खुर्ची. हातांची, गादीची खुर्ची. भाऊजींकडे बघून म्हणाले, "अनुभव आहे हो तुमच्याकडे, पण तो दिसत कुठे नाही!" ज्याने झाकायला लावला तोच हे म्हणत होता. मी असते तर हातातला ब्रश त्यांच्या तोंडावर फिरवला असता. भाऊजींना मात्र फक्त खुर्ची दिसली.

रविवारी सकाळी त्यांनी 'राखाडी' लिहिलेलं एक पाकीट आणलं आणि न्हाणीघराची कडी लावून घेतली. तासाभराने ताईचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता ये. आणि हसू नकोस."

मी गेले आणि हसले. तीन आठवड्यांत मुळाशी जे करंगळीच्या नखाएवढं पांढरं उगवलं होतं ते चक्क जांभळं-निळं झालं होतं. बाकीचं डांबर जसंच्या तसं. वर काळं छप्पर आणि खाली निळी किनार.

"पाकिटावर तर राखाडी लिहिलंय," भाऊजी म्हणाले.

"निळ्या भिंतीवर मोतिया मागायला आलेल्या माणसाला तुम्ही काय सांगता?"

त्यांनी टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

"सांगा ना."

"गडद रंगावर फिकट बसत नाही," ते पुटपुटले. "पण ती भिंत असते गं!"

एकतीस वर्षं जगाला अक्कल शिकवली आणि स्वतःचं डोकं तेवढं त्यातून वगळलं. मी त्यांना समजावून सांगितलं. काळा उतरवायचा तर चार-पाच बैठका, मध्ये केस नारिंगी होणार, शेवटी उरले तर उरले. सोमवारपर्यंत एकच उपाय, सगळं साफ. उरलेल्या आठ दिवसांत उगवेल ते खरं.

"मग खरवड," भाऊजी म्हणाले, आणि निमूटपणे माझ्या पार्लरात येऊन बायकांच्या खुर्चीत बसले.

पुढचा आठवडा ते टोपी घालून कामावर गेले. घरी आल्यावर ताईला डोक्यावरून हात फिरवायला लावायचे, "आलं का? टोचतंय का?" सोमवारी खसखशीएवढं पांढरंशुभ्र उगवलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

मालकांनी टोपी काढायला लावली, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "हे अनुभवी नाही, आजारी दिसतंय. मला रुपेरी पाहिजे, मागे वळवलेले." फोटो मालकांच्या सासऱ्यांचा निघाला. आयुष्यभर विमा विकलेला माणूस, त्यांना तेलाचा रंग कुठला नि पाण्याचा कुठला हे डबा उघडूनही सांगता यायचं नाही. "आणि तुम्ही केस जरा वाढले की पुन्हा काळे करून टाका," हे भाऊजींना वरून. त्या संध्याकाळी ते विव्हळलेसुद्धा नाहीत. मला हसल्याची लाज वाटली.

महिन्याभराने पार्लरच्या दाराला रंग हवा म्हणून मी दुकानात गेले. बोर्डावर सासरे झळकत होते, दुकानात मात्र त्यांचा पत्ता नव्हता. दाराशी टेबल होतं, आणि त्या खुर्चीत पांढऱ्या डोक्याचे माझे भाऊजी बसले होते. समोर पाच-सहा गिऱ्हाइकं रंगांची पट्टी घेऊन वाकलेली.

मालक आतून तरातरा आले. "केसांचं काय सांगितलं होतं मी? आणि ही खुर्ची सल्लागाराची आहे."

"बोलवा ना त्यांना," भाऊजी पट्टीवरून नजर न काढता म्हणाले. "या बाईंना मोतिया हवाय, भिंत निळी आहे. काय करायचं ते त्यांनी सांगावं, मी उठतो."

मालकांनी बोर्डाकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं, आणि घसा खाकरला.

"तोवर जरा यंत्राकडे उभे राहता का?" भाऊजी म्हणाले. "माझे गुडघे दुखतात."