वडिलांच्या कोयत्याची नक्कल

वडील गेल्यावर त्यांचा कोयता रोह्याच्या घरी नुसता खुंटीला लटकत होता. तसाच दुसरा आपल्या हाताने घडवायचं मी मनावर घेतलं. कंपनीतून रिटायर झालेल्या माणसाला दुसरं काम काय! ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पोलादी पाटा आणला, कोयता कागदावर ठेवून गिरवला आणि दोन महिने ठोकून, घासून हुबेहूब तसाच केला. पात्याच्या पोटाशी, धारेच्या बाजूने आत गेलेला बाक काढताना तर घाम निघाला. ही खरी जुन्या लोकांची घडण, असं मी येईल त्याला ऐकवत होतो.

मूळ कोयता घडवणारा पेणचा लोहार अजून होता. मोठ्या तोऱ्यात त्याच्यापुढे दोन्ही ठेवले. म्हातारा हसला.

"हा बाक मी नाय दिलेला. इथं पातं चांगलं चार बोटं रुंद होतं. तुझ्या बापानं धार लावून लावून झिजवलंय ते."

मला रागच आला. तसाच घरी परतलो.

विहिरीजवळ वडिलांचा धार लावायचा दगड अजून आहे. रोज सकाळी ते तिथे उकिडवे बसायचे. दगडाची कड घासून गोल झालेली. नव्या कोयत्याचा बाक तिच्यावर टेकवला.

बरोब्बर बसला.