आगीनंतरची हजेरी

लग्नानंतर मी चेन्नईला आले, कारण नवऱ्याची रेल्वेतली नोकरी तिथे होती. वर्षभर घरात बसून कंटाळले आणि एन्नोरकडच्या एका रबरी माल बनवणाऱ्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये लागले. दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. कार्ड पंच करायचं यंत्र होतं, पण ते बहुतेक बंद असायचं. म्हणून सकाळच्या पाळीला मी गेटजवळ मस्टर घेऊन उभी राहायची, एकेक नाव वाचायची आणि कामगार 'इरुक्केन', म्हणजे 'आहे', म्हणत आत जायचे.

माझी तमिळ तेव्हा भाजीबाजारापुरती होती. रबर मिसळायच्या मिक्सिंग खात्यातल्या एका कामगाराच्या नावात ते खास तमिळ अक्षर होतं, आपल्या ळच्या जवळचं, पण ळ नव्हे. ते मला कधी जमलं नाही. तो मुद्दाम पहिल्या हाकेला गप्प राहायचा. मी पुन्हा म्हणायची, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तो हसून हजेरी द्यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आज कालच्यापेक्षा बरं होतं." रांगेतले सगळे हसायचे. माझा दिवस असा सुरू व्हायचा.

एके दिवशी अकराच्या सुमाराला मिक्सिंग खात्यात आग लागली. आधी एक दणका, मग काळा धूर, मग भोंगा. ठरल्याप्रमाणे सगळे सायकल स्टँडपाशी जमले आणि मी मस्टर उघडून नावं वाचायला लागले. त्याचं नाव आलं. उत्तर नाही. मी पुन्हा वाचलं. मला खरंच वाटलं, आपला उच्चार चुकलाय. तिसऱ्यांदा वाचलं, चौथ्यांदाही वाचलं. तेव्हा मागून कोणीतरी ते नाव नीट, मोठ्याने उच्चारलं, आणि तरीही उत्तर आलं नाही.

त्या आगीत दोघे गेले. त्यातला एक तो.

कारखाना आठ दिवस बंद होता. उघडला त्या सकाळी शोकसभा झाली, दोन मिनिटं उभं राहून झालं आणि यंत्रं सुरू झाली. हजेरीला मी उभी राहिले, पहिली दोन नावं वाचली. तिसरं नाव बाहेर पडेना. शेवटी माझ्या हातातलं मस्टर दुसऱ्या कारकुनाने घेतलं. मग रोजच तसं व्हायला लागलं. घरी नवरा विचारायचा, "काय होतंय नक्की?" मी विषय बदलायची. नोकरी सोडावी असं मी मनात पक्कं केलं होतं.

माझ्या एकटीचंच असं नव्हतं. कँटीनमध्ये तो बसायचा त्या बाकावर कोणी बसत नव्हतं. भांडं पडलं तरी माणसं दचकायची. मिक्सिंगचा फोरमन, चांगला पन्नाशीचा, आवाजी माणूस, कोणाशी बोलेनासा झाला होता.

मग व्यवस्थापकांनी एका सेवाभावी संस्थेतून समुपदेशक बोलावली. साठी ओलांडलेल्या बाई, सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, काखेत छत्री. कामगारांना वाटलं, ही कंपनीची बाई, चूक कोणाची ते काढायला आलीय. पहिल्या बैठकीत कोणी तोंड उघडलं नाही. बाईंनीही जोर केला नाही. त्या सगळ्यांबरोबर चहा प्यायल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी घरी गेल्यावर काय खाल्लंत?"

मग एक तरुण कामगार खाली बघत म्हणाला, "रसम भात. दोनदा वाढून घेतला. मला भूक लागली होती, अम्मा. मला लाज वाटते."

"भूक लागणारच," बाई म्हणाल्या. "बायकोने वाढलं ना? बरं केलं तिने."

तो रडायला लागला. त्याच्या शेजारचा म्हणाला, मी तर पाणीसुद्धा पिऊ शकलो नाही. मग एकेक जण बोलू लागला. मला अर्धंच कळत होतं, पण त्या खोलीतली हवा हलकी होताना मी पाहिली.

बैठक संपल्यावर मी कॉरिडॉरमध्ये नवऱ्याला फोन करून मराठीत बोलत होते. मागे वळले तर बाई उभ्या.

"आम्हीं तंजावरचे," त्या म्हणाल्या. "घरीं अस्के मराठीच बोलतों."

अस्के म्हणजे सगळे. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. भोसल्यांच्या काळापासून तंजावरला राहिलेल्या मराठी घरांची ही बोली. शब्द जुने मराठी आणि चाल पुरती तमिळ. मला हसूच आलं, आगीनंतरचं पहिलं. त्याही हसल्या. मी त्यांना मावशी म्हणून टाकलं, आणि मराठीत बोलायला मिळाल्यावर इतके दिवस अडकलेलं सगळं बाहेर आलं. मी सांगितलं, की पहिल्या हाकेला उत्तर आलं नाही तेव्हाच मी ओरडून सांगायला हवं होतं. मी मात्र उच्चार सुधारत बसले. तेवढ्यात त्याला कोणी बाहेर काढलं असतं.

त्यांनी 'तुझी चूक नाही' असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तें तुला कोण सांगणार? आंत जो होता, तो सांगेल."

पुढच्या बुधवारी त्यांनी मला आणि आग लागली तेव्हा तिथेच असलेल्या फोरमनला समोरासमोर बसवलं. मी मोडक्या तमिळमध्ये माझी गोष्ट सांगितली. फोरमन टेबलाकडे बघत हळू म्हणाले, "मॅडम, भोंगा वाजायच्या आधीच तो गेला होता. मी पाहिलं. मी दारात होतो. आत जायला पाय उचलला आणि उष्णतेने मागे फेकला गेलो. पुन्हा गेलो नाही. हे मी घरीसुद्धा बोललो नाही."

मी म्हटलं, "अण्णा, गेला असतात तर मला तीन नावं विनाउत्तर वाचावी लागली असती."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मावशींनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि आम्हाला हवा तेवढा वेळ बसू दिलं.

त्यानंतर सहा महिने त्या दर बुधवारी येत राहिल्या. कामगारांच्या वस्तीतही जायच्या, देवळाच्या मंडपात बायकांमध्ये बसायच्या. एकदा मला सोबत नेलं. आगीत गेलेल्या त्या कामगाराची बायको तिथे होती. मी कोण ते कळल्यावर ती म्हणाली, "नाव चुकीचं म्हणणाऱ्या मॅडम तुम्हीच का? ते घरी तुमची नक्कल करायचे. पोरं हसून लोळायची." मग म्हणाली, "एकदा म्हणा ना."

मी म्हटलं. नेहमीसारखंच चुकलं. ती हसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी मी कारकुनाकडून मस्टर परत घेतलं. सावकाश वाचलं, मधे दोनदा थांबले, पण सगळी नावं वाचली.

नवऱ्याची पुण्याला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला मावशींच्या घरी गेले. तोवर मी त्यांच्याच संस्थेत शनिवारी जाऊन ऐकायला कसं बसायचं ते शिकले होते. अपघातातून वाचलेल्या एक-दोघांबरोबर बसलेही होते. ज्यांनी मला उभं केलं त्यांत त्या होत्या, फोरमन होते, रसम भाताचं सांगणारा तो तरुण होता आणि त्या कामगाराची बायको होती, जिने स्वतःच्या दुःखातून मला थोडं हसू काढून दिलं. हे सगळं मी मावशींना सांगायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवलं आणि विचारलं, "फोरमन कसा आहे आतां?"

मी सांगितलं, ते नवीन भरतीच्या मुलांना आगीपासून बचाव कसा करायचा ते शिकवतात. पहिल्याच तासाला ते दारातून मागे आल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगतात, आणि त्यानंतर मुलं त्यांचं नीट ऐकतात.

"बरें जालें," त्या म्हणाल्या आणि कॉफी आणायला आत गेल्या. मी त्यांच्या ओसरीवर बसून राहिले. आभार मानायचे राहिलेच होते, पण मन भरलेलं होतं.